एका दिवसाची हजेरी

गुरुजी काहीही मोजत नसत. खडूची पेटी आली तरी खडू मोजत नसत, सुट्टीला किती दिवस उरले तेही मोजत नसत. वय विचारलं तर "दुष्काळ पडला त्या साली जलमलो" म्हणत, आणि त्या मुलखात दुष्काळ काय एकदाच पडला होता! तपासणीला साहेब यायचे तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "गुरुजी, तुमच्या वर्गाचा पट किती?" गुरुजी उठून उभे राहत, डोळे मिटत आणि सुरू करत, "अंकुश हाय. बिरा हाय. भामा हाय, पर तिला खोकला झालाय. दगडू..." साहेब वैतागून म्हणत, "अहो, आकडा सांगा, आकडा!" "आकडा बाईंस्नी ठाव," असं म्हणून गुरुजी माझ्याकडे हात करत आणि दगडूपासून पुढे चालू लागत. शेवटचं नाव झाल्याशिवाय ते खाली बसत नसत. तोवर साहेबांचा चहा निवून जाई.

बाई म्हणजे मी. वाईत वाढलेली, चार पावलांवर नदी आणि घाट असलेली मुलगी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, बाविसाव्या वर्षी, सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेकडच्या एका कोरड्या गावात शिक्षिका म्हणून रुजू झाले. दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. मुख्याध्यापक तेच आणि शिपाईही तेच. ते मेंढपाळाच्या घरातले, त्या घरातले पहिले शिकलेले. पांढरा शुभ्र लेंगा-सदरा घालत, पण खांद्यावरचं काळं घोंगडं भर उन्हाळ्यातही उतरत नसे. शाळेची घंटा होती, ती ते वाजवत नसत. व्हरांड्यात उभं राहून तोंडात दोन बोटं घालून अशी शीळ घालत की ओढ्यापलीकडची पोरंसुद्धा खेळ टाकून पळत येत. मला पहिले आठ दिवस त्या शिट्टीची लाज वाटली. मी वाईची ना!

एकदा मी विचारलं, "गुरुजी, मोजण्याचं एवढं वावडं का हो तुम्हाला?"

"आवं बाई, आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत, वळखत्यात. मोजनारा आकड्याकडं बघतो, मेंढराकडं न्हाई."

म्हणूनच त्यांच्या वर्गाची हजेरी हा एक सोहळा असे. एकेक नाव ठणठणीत आवाजात घ्यायचं, पोरानं उभं राहायचं, गुरुजींनी त्याच्याकडे नीट बघायचं आणि मग चौकोनात तिरपी रेघ मारायची. पोरगं आलेलं नसेल तर त्याच्या शेजाऱ्यानं उठून सांगायचं, हा त्यांचा नियम होता. "आला न्हाई गुरुजी, शेळी व्यालीया." "आला न्हाई गुरुजी, चड्डी वाळली न्हाई." चड्डीचं कारण आलं की गुरुजी मधल्या सुट्टीत स्वतः त्याच्या घरी जात आणि पोराला आपल्या पंच्यात गुंडाळून घेऊन येत. कुणीच काही सांगितलं नाही तर मात्र ते चिडत. "येक मानूस कमी झालं आनि कुनालाच ठाव न्हाई? ही काय शाळा हाय?"

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आहे. आता मी निवृत्त आहे, साताऱ्यात राहते, आणि बाकीच्या निवृत्त माणसांसारखीच मोबाइल हातात धरून बसते. गेल्या महिन्यात भाचीनं मला एका ग्रुपवर घातलं. त्या तालुक्यातल्या जुन्या, न उलगडलेल्या घटनांचा ग्रुप. हजारांनी माणसं आहेत त्यात. एकमेकांना न ओळखणारी, पण रहस्याची चटक लागलेली. कुणीतरी तिथे आमच्या शाळेच्या हजेरीपत्रकाच्या एका पानाचा फोटो टाकला होता. तपासाच्या कागदांतली जुनी झेरॉक्स असावी. एकोणिसाव्या नावापुढच्या एका चौकोनाभोवती लाल वर्तुळ काढलेलं. एकोणिसावं नाव मंजुळाचं.

"पोरगी त्या दिवशी शाळेत हजर. मास्तर त्याच दिवशी दहाच्या एष्टीनं गावाबाहेर. आता तुम्हीच समजा," असं त्याखाली लिहिलं होतं. मग पुढे शेकडो जणांनी समजून घेतलं होतं. एकानं लिहिलं, मास्तरच, शंभर टक्के. एकानं लिहिलं, "माझे आजोबा सांगायचे, तो बाजारात उभा राहून तिचं नाव घेत हिंडायचा. पाप स्वस्थ बसू देत नसतं." एक जण मानसशास्त्र शिकलेला निघाला, त्यानं घोंगड्यावरून गुरुजींच्या मनाचा उलगडा केला. कुणी त्यांच्या मुलाचा पत्ता विचारत होतं. मी दुपारभर ते वाचत बसले. खोटं कशाला सांगू, पहिला विचार असा आला की माझं नाव कुणी घेतलंय का. कुणीच घेतलं नव्हतं.

त्या चौकोनातली रेघ गुरुजींनी मारलेलीच नव्हती. ती मी मारली होती.

दसरा झाला की तिथले मेंढपाळ मेंढरं घेऊन पश्चिमेला, कृष्णाकाठाकडे निघत आणि पावसाळा तोंडावर आला की परतत. पोरांची शाळा तेवढे महिने बुडे, नावंही पटावरून निघत. त्या वर्षी मंजुळाचा बाप निरोप घ्यायला शाळेच्या फाटकाशी आला. मेंढरं रस्त्यावर थांबलेली. गुरुजी त्याला म्हणाले, "पोरगी ठिवून जा. हुशार हाय. आत्त्याजवळ ऱ्हाईल."

"बारकी तिच्याबिगर ऱ्हात न्हाई, गुरुजी."

"मग बारकीलाबी ठिव. बसंल माज्या वर्गात."

बाप बराच वेळ पायानं माती उकरत राहिला. "आमच्या माघारी ध्यान कोन देनार?"

"म्या हाय न्हवं? रोज नाव घीन तिचं. येक दिस चुकायचा न्हाई."

मी व्हरांड्यातून ऐकत होते. मंजुळा नऊ वर्षांची, तिसरीत. सगुणा चार वर्षांची. तिचं नाव पटावर नव्हतं, पण ती रोज ताईच्या झग्याचं टोक मुठीत धरून शेजारी बसे. आम्ही तिला कधी उठवलं नाही.

मेंढरं गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी गुरुजींना पुस्तकांचे गठ्ठे आणायला सांगलीला जायचं होतं. मुक्काम करावा लागणार होता. प्रार्थना झाली आणि एष्टीचा हॉर्न ऐकू आला. हजेरीपत्रक माझ्या हातात देताना ते म्हणाले, "नावं घ्या बाई. डोकी मोजू नगासा."

दोन्ही खोल्यांतली मिळून साठेक पोरं त्या दिवशी एकट्या माझ्या अंगावर पडली. एकीकडे पाढे चालू होते, दुसरीकडे कुणाची तरी पाटी फुटली होती. मी दारात उभी राहून गुरुजींच्या वर्गाची डोकी मोजली. एकतीस. पट एकतीसचा. झालं! मी एका दमात वरपासून खालपर्यंत एकतीस रेघा ओढून टाकल्या. मी डावखुरी आहे, माझ्या रेघा गुरुजींच्या रेघांच्या उलट्या बाजूला कलतात. त्या वेळी तेही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटील आणि मंजुळाची आत्या शाळेत आले. पोरगी रात्री घरी आलीच नव्हती. "बाई, काल शाळंत आलती का मंजुळा?"

मी पत्रक उघडून दाखवलं. "आली होती की. ही बघा रेघ."

शाळेत आली होती म्हणजे शाळेपासून पुढे शोधायचं. अख्खं गाव शाळेभोवती लोटलं. विहिरीत गळ टाकले, ओढा पालथा घातला, खाणीत माणसं उतरली. गुरुजी गावात नाहीत म्हणून त्यांच्या खोलीचं कुलूप तोडून आत पाहिलं. आत्या डोकं बडवून घेत होती आणि तिच्या पायाशी सगुणा बसून होती. त्या चार वर्षांच्या पोरीला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

दुपारच्या एष्टीनं गुरुजी आले, खांद्यावर पुस्तकांचा गठ्ठा. काय झालं ते चार जणांनी एकदम सांगितलं. त्यांनी गठ्ठा खाली ठेवला आणि व्हरांड्यात जाऊन शीळ घातली. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. पोरं येऊन बसली आणि गुरुजी हजेरी घेऊ लागले. अंकुश, बिरा, भामा. एकोणिसावं नाव आलं.

"मंजुळा."

सगुणा उभी राहिली. तिला नियम माहीत होता, रोज बघून पाठ झालेला. "आली न्हाई, गुरुजी."

"कुटं गेली?"

"मेंढरामागं गेली. काल सकाळीच. मला म्हनली, तू जाऊन बस साळंत, म्या आयला बघून येती."

माणसं पश्चिमेच्या रस्त्यानं धावली. सायकली, एक जीप, पायी. पण मधे दीड दिवस गेला होता. मेंढरं चार मुक्काम पुढे, कुंडलच्या बाजूला सापडली. मंजुळा तिथं पोचली नव्हती. वाटेत एका वस्तीवरच्या म्हातारीनं अशी एक पोरगी पाटी घेऊन जाताना पाहिली होती, एवढंच कळलं. त्यापुढचं आजतागायत कुणाला माहीत नाही.

सगळे गेल्यावर गुरुजींनी त्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. उलट्या रेघा. "बाई, नावं घेतली व्हती?"

मला रडू फुटलं. "डोकी मोजली, गुरुजी. एकतीस भरली."

"तीस," ते म्हणाले, "आनि ही बारकी." गुरुजींनी मोजलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं.

संध्याकाळी पोलीस आले तेव्हा गुरुजींनी मला बोलूच दिलं नाही. "रेघा म्या मारल्या. एष्टी गाठायच्या घाईत, न बघता." नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमी गप ऱ्हावा. नोकरी कच्ची हाय, लगीन ठरलंय तुमचं. वर्ग माजा, चूक माजी." मी गप्प राहिले. त्यांना तालुक्याला नेलं, तीन दिवस बसवून घेतलं. एष्टीच्या कंडक्टरनं आणि सांगलीच्या कारकुनानं सांगितलं म्हणून सोडलं. पण गावाच्या पारावर जे एकदा बसलं ते उठलं नाही. "मास्तरला समदं ठाव हाय," असं लोक मला, मला सांगायचे, आणि मी मान खाली घालून वह्या तपासायची. मी भित्री होते. याहून सभ्य शब्द मला सापडलेला नाही.

मुलीचा बाप मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आला. तो आरडाओरडा करील असं वाटलं होतं. तो फक्त फाटकाशी उभा राहिला, तिथंच, जिथं निरोप घेतला होता. "गुरुजी, नाव घेत हुता न्हवं रोज?"

गुरुजींना म्हणता आलं असतं की मी गावात नव्हतो. माझ्याकडे नुसतं बघितलं असतं तरी पुरलं असतं. ते म्हणाले, "येक दिस ऱ्हायला."

बाप तिथंच खाली बसला. गुरुजी त्याच्या शेजारी मातीत बसले. मी वर्गात जाऊन पोरांना पाढे म्हणायला लावले, मोठ्यानं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे गुरुजींनी हजेरीपत्रक पुन्हा कधी माझ्या हाती दिलं नाही. रागानं बोलले नाहीत, माझ्या डब्यासाठी शेळीचं दूध आणणंही बंद केलं नाही, पण कुठं जायचं झालं तरी आधी हजेरी घेऊनच जात, मग एष्टी चुकली तरी चुको. दुसरी म्हणजे रोजचं एकोणिसावं नाव. "मंजुळा," गुरुजी हाक मारत, आणि सगुणा उठून सांगे, "आली न्हाई, गुरुजी." ते 'गै' लिहीत आणि पुढचं नाव घेत. साहेबांनी नाव पटावरून कमी करायला सांगितलं, तेव्हा म्हणाले, "शाळा सोडली असं कुनी सांगितलंय का, साहेब? आली न्हाई, येवढंच सांगितलंय."

आणि सुट्टी लागली की ते हिंडत. जिथं मेंढपाळ उतरतात ते बाजार, जत्रा, शिराळ्याची नागपंचमी. मंजुळाचा फोटो कुणी कधी काढलेला नव्हता, मग दाखवणार काय? ते गर्दीत उंचवट्यावर उभे राहून हजेरी घेत. तिची एकटीची नव्हे, सगळ्या वर्गाची, अंकुशपासून. त्याचं कारण मला मागाहून कळलं. ते म्हणाले, "येकटीचं नाव घेतलं तर पोर भेदरंल. रोजच्या वळीनं नाव आलं, तर वळखंल, आनि सवयीनं हुबी ऱ्हाईल."

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी वाईला होते. भावी नवरा आणि सासूबाई आल्या होत्या, म्हणून गणपतीच्या दर्शनाला निघालो. घाटावर फराळाच्या दिवसांची गर्दी. आणि पायऱ्यांवरून तो आवाज आला. "अंकुश. बिरा. भामा. दगडू." काळं घोंगडं, पांढरा सदरा, डोळे मिटलेले. पोरं हसत होती, एका भटजींनी पैसे टाकले. एकोणिसाव्या नावाला ते थांबले, डोळे उघडले, सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली. ती नजर माझ्यावर आली.

"ओळखीचे आहेत का कुणी?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आमच्या त्या भागातले असतील कुणीतरी."

गुरुजींनी डोळे मिटले आणि विसावं नाव घेतलं. सुट्टीनंतर शाळेत भेटले तेव्हा म्हणाले, "वाईचा घाट लय चांगला हाय, बाई. थंडगार." बस्स. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी घाटाचं कौतुक केलं.

वर्षभरात लग्न होऊन मी बदली करून घेतली. गुरुजी निवृत्त होईपर्यंत ते नाव घेत होते असं पुढे कुणाकडून तरी कळलं. ते गेल्याचंही असंच उडत उडत, दोन महिन्यांनी कळलं. मी गेले नाही. जाऊन काय सांगणार होते, आणि कुणाला?

तर तो फोटो. त्या ग्रुपवरच्या लोकांनी तो मोठा करून पाहिला, उजळ करून पाहिला, झेरॉक्सच्या डागांत बोटांचे ठसे शोधले. लाल वर्तुळातल्या एका रेघेवर शेकडो जणांनी बुद्धी खर्च केली. पण अख्खा रकाना वरून खाली कुणी पाहिला नाही. महिनाभराच्या सगळ्या रेघा उजवीकडे कललेल्या, आणि त्या एका दिवसाच्या एकतीसच्या एकतीस डावीकडे. गुरुजींनी पाहताक्षणी ओळखलं होतं. लोक रेघेकडे बघत होते, हाताकडे नाही.

भाची म्हणाली, "आत्या, कशाला या फंदात पडतेस? लोक आता तुझ्या मागे लागतील." लागोत की. गुरुजींच्या मागे पस्तीस वर्षं लागले आहेत, ती पाळी माझी होती.

मी लिहिलं, "त्या दिवशी या वर्गाची हजेरी मी घेतली. उलट्या रेघा बघा, त्या माझ्या आहेत. मंजुळा शाळेत आलीच नव्हती. गुरुजींनी नावं घ्यायला सांगितलं होतं, मी डोकी मोजली. मग ते माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी बोलू दिलं. त्या दिवशीची हजेरी राहिली आहे, ती आज घेते." आणि खाली त्यांच्या वळीनं नावं टाइप केली. फोटो बघावा लागला नाही. अंकुश. बिरा. भामा. दगडू. एकोणिसावंही लिहिलं. एकतिसाव्या नावापर्यंत गेले.

मग व्हायचं ते झालं. कुणी पुरावा मागितला, कुणी मला खोटं खातं म्हटलं, कुणी विचारलं की इतकी वर्षं झोपला होता का. तो प्रश्न रास्त होता. मानसशास्त्रवाल्यानं घोंगडं सोडून माझा डावा हात धरला. दोन दिवस मी सगळं वाचत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आणखी एक ओळ आलेली दिसली. फोटोच्या जागी एक मेंढरू, आणि नाव सगुणा. बाकी कुणाशी ती काही बोलली नव्हती. माझ्या यादीखाली तिनं एवढंच लिहिलं होतं :

"आली न्हाई, बाई. मेंढरामागं गेली."